चार लांब, पाच आखूड

४ जानेवारी

चि. ठिणगी,
अनेक आशीर्वाद.

डुग्-डुग्, जरा थांबून डुग्. पुन्हा डुग्-डुग्, जरा थांबून डुग्. लंगडा माणूस लाकडी जिना चढत असावा तसा. तुझं पत्र वाचून खाली ठेवलं आणि छत्तीस वर्षांपूर्वीचा हा आवाज कानात सुरू झाला. दोन दिवस झाले, थांबत नाही. गंमत बघ, माणसांचं बोलणं मला आता ऐकू येत नाही, पोस्टमन दारात ओरडून थकतो. पण हा जुना आवाज जसाच्या तसा. खालच्या पट्टीचे जाड आवाज अजून कळतात मला. लांबून ट्रक आला तर आधी टेबल सांगतं, मग खिडकी.

हा आवाज आपल्या गाडीचा, शर्यतीच्या सकाळचा. धुकं होतं. तुझा बाप बॉनेटवर हात ठेवून उभा होता आणि मला म्हणत होता, "कवी, ऐक. कशी लंगडतेय बघ ऐटीत." दादा मला कवीच म्हणायचा. मास्तर शाळेत वृत्तं शिकवायचे ते टेबलावर पट्टी मारून, गुरूला सावकाश, लघूला झटकन. बाकीची पोरं चाल म्हणायची, मी पट्टी ऐकायचो. कवी काही झालो नाही, लोखंड घासणारा झालो. पण पट्टी डोक्यात राहिली ती राहिलीच. अजून जिना चढताना पायऱ्या वृत्तात मोजतो, त्यामुळे शेवटी एखादी जास्तीची निघते आणि पाय हवेत पडतो.

दादाला जाऊन वर्ष झालं नाही तोच तू गोदामाचं कुलूप तोडून गाडी बाहेर काढलीस. वहिनीने किल्ली दिली नाही म्हणून तोडलंस, हे त्याच्या लेकीला शोभलं. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस, म्हणून एकदा लिहून ठेवतो. कारखान्यात आम्ही तिघं. दादा गाडी चालवायचा आणि गिऱ्हाइकं आणायचा, मी कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे असलेला दांडा, घासायचो, घुम्या इंजिन जोडायचा. दिवसाला चार शब्द बोलला तर पाचवा उद्यावर ठेवायचा, म्हणून घुम्या. त्या दिवशी डोंगरचढाच्या तिसऱ्या वळणावर इंजिन जागच्या जागी जाम झालं, गाडी दगडी कठड्यावर गेली आणि दादाचा उजवा हात कोपरापासून कामातून गेला. सगळे म्हणाले, घुम्याने चेन बसवताना एक दात चुकवला. चेनच्या चाकांवरच्या खुणा जुळवून ती बसवतात, पण तो एवढंच म्हणाला, "खूण खुणेला होती." दुसऱ्या दिवसापासून आला नाही. दादाने गाडी गोदामात ढकलली आणि पुन्हा कुणाला बॉनेट उघडू दिलं नाही.

जाऊ दे. उघडायचंच असेल तर सावकाश उघड.

काका


११ जानेवारी

तीर्थरूप काकांना,
ग्रीस लागलेल्या हातांनी नमस्कार. कागदावर डाग दिसतील. अश्रू नाहीत, ऑइल आहे.

उघडलं. हवा आत घेणारे चारही व्हॉल्व्ह वाकलेत आणि पिस्टनच्या डोक्यावर नखांसारखे अर्धचंद्र उमटलेत. म्हणजे व्हॉल्व्ह उघडा असताना पिस्टन वर आला आणि त्याला थडकला. लोक म्हणत होते तेच. पण चेन तुटून तळाशी पडलीये, त्यामुळे ती खुणेला होती की नव्हती हे आता ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

आता खरी गोष्ट. कॅमशाफ्ट कुणाचा आहे तेच कळत नाहीये. टोकावर कंपनीचा नंबर असायला हवा, तिथे कुणीतरी घासून आरसा केलाय. डायल गेज लावून मोजला. पुस्तकात कॅमची उचल सात मिलिमीटर आहे, हा साडेआठ देतो. व्हॉल्व्ह उघडा ठेवतो तोही पुस्तकापेक्षा चाळीस अंश जास्त. चार जुने कॅटलॉग पालथे घातले, या मापाचा शाफ्ट कुणी विकलेलाच नाही. मग निळी शाई लावून वरून हलका दगड फिरवला, तर कॅमच्या चढावर बारीक पट्ट्या उमटल्या. भिंग घेऊन मोजल्या, सतरा. चार रुंद, पाच अरुंद, एक रुंद. मग रुंद, अरुंद, रुंद, रुंद, अरुंद, रुंद, रुंद. आठही कॅमवर हेच, याच क्रमाने. झीज अशी शिस्तीत होत नाही. हे कुणाच्या तरी हाताचं आहे.

तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. सांगा कुणाचा आहे.

उगाच विचारत नाहीये. तो डोंगरचढ जुन्या गाड्यांसाठी परत सुरू झालाय. सात फेब्रुवारी, तोच रस्ता, तेच तिसरं वळण. बाबांच्या गाडीत मी बसणार आहे. आणि दुसरं म्हणजे घुम्याकाका. इथेच आहेत, चार गल्ल्या सोडून. शिवणयंत्रं दुरुस्त करतात. त्या दिवसानंतर त्यांच्या हाती कुणी इंजिन दिलं नाही. परवा माझ्या गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले. हाक नाही, टकटक नाही, कुणाचं लक्ष जाईपर्यंत नुसते उभे. मी चहा विचारला तर म्हणाले, "खूण खुणेला होती." आणि गेले. आईला कळल्यावर ती म्हणाली, "त्याची सावलीसुद्धा नको इथे. भाकरी खाल्लीन् हात मोडला."

शाफ्ट कंपनीचा असेल, तर खुणेला खूण लावल्यावर व्हॉल्व्ह थडकूच शकत नाही. म्हणजे चूक त्यांचीच. पण कंपनीचा नसेल, तर ते छत्तीस वर्षं खरं बोलतायत. एवढं एकच उत्तर हवंय.

गॅरेजला फोन मिळायचा तेव्हा मिळेल. मिळाला तरी तुम्हाला ऐकू कुठे येतंय. लिहा.

तुमची ठिणगी


१६ जानेवारी

चि. ठिणगी,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. मापं चांगली घेतली आहेस, हात बापाचा आहे.

त्या काळी कंपनी शर्यतवाल्यांना थोडे खास शाफ्ट चाचणीसाठी द्यायची. त्यांच्यावर नंबर नसायचा, पुढे कुणी हक्क सांगू नये म्हणून. हा त्यातलाच असावा. कॅटलॉगात सापडणार नाही, शोधण्यात वेळ घालवू नकोस. पट्ट्यांचं म्हणशील तर जुन्या ऑइलने आणि गंजाने लोखंडावर काय वाटेल ते उमटतं. ढगात हत्ती दिसतो तसं आहे ते.

नवे व्हॉल्व्ह घाल आणि पुस्तकाप्रमाणे खुणेला खूण लावून बसव. शर्यतीच्या फॉर्मवर शाफ्टपुढे "मूळ कंपनीचा" असं लिही.

घुम्याबद्दल मी काय लिहू? माणूस वाईट नव्हता. जेवणाच्या सुट्टीत मी कविता म्हणायचो तेव्हा तो एकटाच ऐकायचा. दादा डबा उघडायचा, तो मिटायचा. पण चूक कुणाच्याही हातून होते आणि झाकलेली मूठ झाकलेलीच बरी. वहिनीला या वयात पुन्हा ते सगळं आठवायला लावू नकोस.

इथे थंडी आहे. खिडकीतल्या रोपाला एक कळी आली आहे, उघडायचं की नाही हे तिचं आठ दिवस ठरत नाहीये.

काका


२३ जानेवारी

तीर्थरूप काकांना नमस्कार.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. कळी चांगली होती.

तुम्ही सांगितलंत तसं केलंय. नवे व्हॉल्व्ह, नवी चेन, खुणेला खूण. हाताने इंजिन पन्नास वेळा फिरवून पाहिलं, कुठे अडत नाही. एकतीसला, रविवारी सकाळी दहाला सुरू करणार. त्यानंतर आठवडाभर पळवून बघेन आणि सातला चढ.

पण दोन गोष्टी खटकतायत, त्या लिहितेच.

पहिली. चार तारखेच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की त्या सकाळी गाडी ऐटीत लंगडत होती. बाबांनी तुम्हाला "ऐक" म्हटलं. काका, ही गाडी शर्यतीआधी दोन वर्षं बाबा रोज चालवत होते. शाफ्ट आधीपासून हाच असता तर ते लंगडणं रोजचंच असतं, "ऐक" कशाला म्हणाले असते? नवीन काही ऐकलं की माणूस दुसऱ्याला ऐकवतो. म्हणजे शाफ्ट आदल्या एक-दोन दिवसांत बदलला गेला. कुणी?

दुसरी. घुम्याकाका परत आले. या वेळी मी हाताला धरून आत आणलं. शाफ्ट तेव्हा बाकावर होता, बसवायचा होता. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख कॅमच्या चढावरून हळूच नेलं. मग बोटाने बाकावर ठोकायला लागले. चार सावकाश. पाच भरभर. मग एक सावकाश. मी त्यांना पट्ट्यांबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. विचारलं, "हे काय आहे?" चष्मा परत लावून म्हणाले, "काकाला विचार. तो सांगेल." आणि जाता जाता दारातून, "तो सांगेपर्यंत घाई करू नकोस."

माझ्या दृष्टीने तुम्ही सांगितलंय. तुमच्या शब्दावर मी चढावर गाडी घालणार आहे. अजून काही सांगायचं राहिलं असेल तर रविवारच्या आत कळवा. नसेल तर आशीर्वाद द्या.

ठिणगी


तार
२८ जानेवारी

इंजिन सुरू करू नकोस. शाफ्ट माझा. पत्र येत आहे. काका


२८ जानेवारी

ठिणगे,

तार करून आलो. तारेच्या खिडकीतला माणूस कागद वाचून मोठ्याने काहीतरी विचारत होता, बहुधा घरात कोण गेलं म्हणून. मी हो म्हटलं. घाईत चपला दोन जोड्यांतल्या निघाल्या, ते घरी आल्यावर कळलं.

तुझं पत्र आज बाराला आलं. हे पत्र रविवारच्या आत पोचणार नाही. तार पोचली नसेल तर हे वाचायला तू आहेस की नाही, हे मला माहीत नाही. त्यामुळे आधी कामाचं लिहितो. चेनचं वरचं चाक खुणेपासून एक दात मागे बसव. पिस्टनच्या डोक्यावर खिडकीच्या काचेला लावतात त्या मऊ लांबीची गोळी ठेव, इंजिन हाताने दोनदा फिरव, मग उघडून दबलेली लांबी मोज. दोन मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर शाफ्ट काढून भंगारात टाक. खुणेला खूण लावलीस तर हाताने फिरवताना काही अडत नाही, सपाट रस्त्यावरही नाही. चढावर, पूर्ण वेगात, व्हॉल्व्ह परतायला केसभर उशीर करतो आणि पिस्टन त्याला गाठतो. तिसऱ्या वळणापर्यंत गाठतोच.

आता बाकीचं.

शाफ्ट मी केला. मूळ नमुना कानशीने हाताने घासला, मग त्यावरून मशीनवर आठ कॅम उतरवले. कानस चालवताना मी मनात मंदाक्रांता म्हणायचो. सतरा अक्षरं. चार गुरू, पाच लघू, एक गुरू आणि पुढची सात. गुरूला लांब हात, लघूला आखूड. एरवी नमुना झाला की दगडाने सगळं मिटवायचो. या वेळी घाई होती, तसंच राहिलं. तू भिंगातून जे मोजलंस ते गंज नव्हतं. माझा हात होता. तुझं अकरा तारखेचं पत्र वाचलं त्या क्षणी मी ओळखलं, आणि तरीही ते सोळाचं पत्र लिहिलं.

दादाला शर्यत जिंकायची होती. मला दादाने माझ्यामुळे जिंकायला हवं होतं. आधी सांगितलं असतं तर तो हसला असता, "कवी, शब्द नको, लोखंड घास." म्हणून आदल्या दुपारी जुना शाफ्ट काढून हा घुम्याच्या बाकावर ठेवला, नंबराची जागा घासून. कंपनीकडून बदलून आलाय म्हणालो. त्याने मान डोलावली. माझ्यावर अविश्वास ठेवायचं त्याला कधी सुचलंच नाही.

आणि चूक. शाफ्ट मशीनला लावताना भोकांच्या चकतीवर कोन मोजायचा असतो. मी तोही अक्षरांवर मोजायचो, अक्षराला एक भोक. चौथ्या अक्षराशी होतो आणि दारातून दादाने हाक मारली, जेवायला येतोस का. "आलो" म्हटलं. परत वळलो तर चौथं अक्षर म्हणून झालं होतं की व्हायचं होतं ते आठवेना. झालं नाही असं समजून पुन्हा म्हटलं. एक भोक जास्त. आठही कॅम जवळजवळ एक दात पुढे गेले.

हे मला केव्हा कळलं, हाच प्रश्न तू विचारशील. त्याच रात्री अंथरुणात, कविता म्हणता म्हणता. चौथ्या अक्षरावर अडखळलो आणि उठून बसलो. ठरवलं की पहाटे लवकर जाऊन घुम्याला सांगायचं, एक दात मागे घे. गेलो तेव्हा इंजिन चालू होतं. दादा बॉनेटवर हात ठेवून उभा. "कवी, ऐक." त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी आधी पाहिला नव्हता. घुम्या पलीकडे हात पुसत होता आणि माझ्याकडे बघत होता. तोंड उघडलं ते मी "वा" म्हणालो. ठिणगे, एका "वा"वर गेला दादाचा हात.

लोक म्हणाले घुम्याने एक दात चुकवला. त्याने खरंच चुकवला असता तर दादा वाचला असता. तो बिनचूक होता म्हणून सगळं झालं. आणि मी छत्तीस वर्षं त्याच्या बिनचूकपणावर माझी चूक टाकून झोपलो.

फॉर्मवर माझं नाव लिही. वहिनीला तू सांग किंवा हे पत्र दे, मी काही अडवत नाही. हे घुम्यालाही वाचून दाखव. त्याच्यासमोर उभं राहून बोलायची हिंमत माझ्यात तेव्हा नव्हती, आजही नाही.

तार पोचली असू दे.

काका


३ फेब्रुवारी

काका,

तार रविवारी सकाळी अकराला पोचली. तुम्ही पत्त्यावर "ठिणगी" लिहिलं होतं. ठिणगी नावाची बाई शोधत तारवाला दोन दिवस गल्लोगल्ली हिंडत होता. आगीच्या बंबवाल्यांकडेसुद्धा जाऊन आला.

दहाला मी इंजिन सुरू करणार होते. केलं नाही ते तुमच्यामुळे नाही. घुम्याकाका साडेनऊला येऊन चालकाच्या सीटवर बसले आणि किल्ली मुठीत धरली. मी विनवलं, चिडले, शेवटी म्हटलं, "शिवणयंत्र समजलात का?" ते म्हणाले, "कवीचं पत्र येऊ दे." मी म्हटलं, पत्र आलंय, काकांनी सांगितलंय कंपनीचा आहे. त्यावर म्हणाले, "ते पहिलं. दुसरं येईल." तासाने तार आली. त्यांनी वाचली, घडी केली, किल्ली माझ्या हातात दिली आणि गेले.

पत्र काल आलं. त्यांना बोलावून वाचून दाखवलं. स्वयंपाकघरात, आईसमोर. त्यांनी एकच भाग परत वाचायला लावला, सकाळचा, "वा" पर्यंतचा. आई उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. बाहेर आल्यावर तिने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. ते पाणी प्यायले आणि निघाले. तेव्हापासून गॅरेजला आलेले नाहीत. दुकानाला कुलूप आहे. शेजारी म्हणतात, हत्यारांची पेटी घेऊन कुठेतरी गेले.

एक दात मागे लावला. लांबी दोन दशांश चार मिलिमीटर भरली. सुरू केलं. लंगडतंय. फॉर्मवर तुमचं नाव लिहिलंय, आणि इंजिन जोडणारा म्हणून त्यांचं.

तुम्हाला काय लिहावं ते मला अजून कळत नाही. बाबा इतकी वर्षं अंगठा उठवत होते; शेवटी डाव्या हाताने सही करायला शिकले तेव्हा मी सात वर्षांची होते. आम्ही दोघं एकाच पाटीवर गिरवायचो. मला वाटायचं, सगळ्यांचे बाबा असंच शिकतात.

सात तारखेनंतर लिहीन. कदाचित.

ठिणगी


९ फेब्रुवारी

चि. ठिणगी,

तुझं पत्र येणार नाही हे माहीत असूनही काल दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलो. सात तारीख गेली. तिसरं वळण गेलं असेल, चांगलं गेलं असेल, असं धरून लिहितोय. क्षमा मागण्यासाठी लिहीत नाही. पाटीचं वाचलं, त्यानंतर तो शब्द माझ्या तोंडी शोभणार नाही.

एक सांगायचं राहिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी कविता म्हणायचो आणि घुम्या ऐकायचा, असं मागे लिहिलं. ते अर्धंच खरं. तो कविता ऐकत नव्हता, त्याला शब्द कळायचे नाहीत. एकदा म्हणाला होता, "तू म्हणतोस ते मला कळत नाही. पण तू घासतोस ते कळतं." मी ते हसण्यावारी नेलं. आता वाटतं, मला नीट वाचलेला माणूस

मध्येच थांबलो. पेल्यातलं पाणी हलतंय.

ट्रक नाही. ट्रकचं पाणी सरळ थरथरतं. हे डुग्-डुग्, जरा थांबून, डुग्. टेबलातून मनगटात येतंय. चढ चढून गल्लीत शिरलंय. मला वाटलं डोक्यातलाच जुना आवाज, म्हणून उठून खिडकीशी गेलो. गाडी फाटकाशी उभी आहे, आपली गाडी. पुढच्या बाजूला गावाकडची लाल माती उडालेली आहे, म्हणजे रात्रभर किंवा पहाटेपासून चालवली असणार. पोरी, तू आलीस असं वाटून मी तुझं नाव घेतलं.

तू नाहीस. उतरला तो पांढऱ्या केसांचा माणूस आहे, हातात हत्यारांची पेटी. किल्ली तूच दिली असणार. आयुष्यात कधी मी त्याला गाडी चालवताना पाहिलं नाही. नेहमी बॉनेटखालीच असायचा. त्याने इंजिन बंद केलं नाही, तसंच चालू ठेवलंय. पायरीवर बूट पुसले. आता दारात उभा आहे.

बेल वाजवणार नाही. दारही ठोठावणार नाही. कुणाचं लक्ष जाईपर्यंत तो नुसता उभा राहील, संध्याकाळ झाली तरी. मी हे वाक्य पुरं करायच्या निमित्ताने बसून आहे, हे त्यालाही कळलं असेल.

उठतो.